पंचाण्णव टक्के कोणाचे? सुखात्मे, दांडेकर आणि मंडळाची सरासरी

मराठवाड्यात सप्टेंबर संपता संपता एक बातमी दरवर्षी येते. खरिपाची नजर अंदाज पैसेवारी जाहीर झालेली असते. ऑक्टोबरअखेर सुधारित पैसेवारी येते, डिसेंबरात अंतिम. किती गावे पन्नास पैशांच्या वर, किती खाली, एवढाच बातमीचा ऐवज. पूर्वी सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक असे धरून आणेवारी काढत. दशमान नाणी आल्यावर तीच कल्पना शंभर पैशांवर गेली आणि आठ आण्यांची जागा पन्नास पैशांनी घेतली. या सरकारी शब्दाकडे मी भाषेचा वाचक म्हणूनही पाहतो. ‘नजर अंदाज’ म्हणजे नजरेने बांधलेला अंदाज. हिंदीच्या सहवासाने तोच शब्द ‘दुर्लक्ष’ या अर्थानेही आपल्या कानांवर पडतो. दोन्ही अर्थ एका बातमीत नांदावेत, हे त्या शब्दाचे नशीब.

या बातमीत जे नसते त्याबद्दल हा लेख आहे. आकडा असतो, पण तो किती डळमळीत आहे हे सांगणारी खूण नसते. ४९ आणि ५१ यांच्यात जो फरक दिसतो तो शेतातला आहे की मोजणाऱ्याच्या नजरेतला, हे विचारण्याची सोय नसते. संख्याशास्त्रात ही सोय आहे. पदवीच्या पहिल्या दोन वर्षांतच ती शिकवली जाते आणि तिला ‘विश्वास-अंतराल’ म्हणतात. छत्रपती संभाजीनगरात हा विषय शिकवताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. हे अंतराल काढायला विद्यार्थी अर्ध्या तासात शिकतात. त्याचा अर्थ सांगा म्हटले की पदवीधरही अडखळतात. तो अर्थ नीट लावला तर पीकविम्याचे सूत्र, दुष्काळाची रेषा आणि अर्धपोटी माणसाची व्याख्या या तिन्हींकडे पाहण्याची आपली रीत बदलते. या तिन्ही ठिकाणी दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांचा हात आहे. म्हणून त्यांच्या कामाच्या आधाराने हा अर्थ तपासतो.

दहा तुकडे आणि एक सरासरी

आधी उदाहरण. आकडे मी केवळ समजावण्यासाठी धरले आहेत. एका महसूल मंडळात सोयाबीनचे दहा पीक कापणी प्रयोग झाले. चिठ्ठीने गावे निघाली, गट क्रमांक निघाले, शेतात ठरलेल्या कोपऱ्यापासून पावले मोजून ठराविक मापाचा तुकडा आखला, तेवढेच पीक कापून, मळून, वजन केले. हेक्टरी क्विंटलमध्ये उत्तरे आली: ३, ५, ६, ७, ८, ८, ९, १०, ११, १३. सरासरी ८.

मंडळाची खरी सरासरी ८ आहे का? ती कोणालाच माहीत नाही. मंडळातले सगळे सोयाबीन मळून तोलल्याशिवाय ती कळणार नाही. आपल्या हाती दहा तुकडे आहेत. ते एकमेकांपासून किती विखुरले आहेत यावरून त्यांच्या सरासरीची डळमळ काढता येते. विखुरण्याचे माप, म्हणजे प्रमाण विचलन, येथे सुमारे २.९४ येते. त्याला दहाच्या वर्गमुळाने भागले की ०.९३. निरीक्षणे दहाच असल्यामुळे त्याला २.२६ ने गुणायचे, की साधारण २.१. म्हणजे अंतराल ८ उणे २.१ ते ८ अधिक २.१, अर्थात ५.९ ते १०.१. यालाच ९५ टक्के विश्वास-अंतराल म्हणतात.

‘खरी सरासरी ५.९ आणि १०.१ यांच्यामध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के आहे,’ असे उत्तर बहुतेक जण लिहितात. ते ऐकायला बरोबर वाटते, पण ज्याने ही कल्पना मांडली त्याला ते मान्य नव्हते. मंडळाची खरी सरासरी स्थिर आहे. ती शेतांत उभी आहे. दैवावर आहे तो आपला नमुना. चिठ्ठ्या पुन्हा टाकल्या असत्या तर दुसरे दहा तुकडे आले असते आणि दुसरे अंतराल निघाले असते. अशी शंभर अंतराले काढली तर त्यांतली सुमारे पंचाण्णव खऱ्या सरासरीला कवेत घेतील, एवढीच हमी आहे. हाती आलेले अंतराल त्या पंचाण्णवांतले की उरलेल्या पाचांतले, ते सांगता येत नाही.

आपल्याकडच्या माणसाला हे पाणाड्याच्या उदाहरणाने चटकन कळते. पाणाड्याची विद्या खरी की खोटी हा प्रश्न बाजूला ठेवू. समजा, एखाद्याची ख्याती अशी आहे की त्याने दाखवलेल्या शंभर जागांपैकी पंचाण्णव जागी पाणी लागते. माझ्या वावरात त्याने जागा दाखवली. तेथे खाली पाणी आहे किंवा नाही. ते आधीच ठरलेले आहे. पंचाण्णव हा आकडा माझ्या वावराबद्दल काही बोलत नाही, तो पाणाड्याच्या कारकिर्दीबद्दल बोलतो. आणि बोअर कोरडी गेली तर पैसे माझे जातात, कारकीर्द त्याची तशीच राहते. पुढच्या विवेचनात हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा ठरणार आहे.

लंडनमधील एक शंका

ही कल्पना मांडणारा जेर्झी नेमन हा पोलिश गणिती. १९३४ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे नमुना पाहणीवर एक निबंध वाचला. त्यात विश्वास-अंतरालाचा उच्चार होता. १९३७ मध्ये त्याने पूर्ण उपपत्ती प्रसिद्ध केली. १९३४ च्या चर्चेतच आर्थर बाउली या ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञाने शंका काढली होती की हा ‘विश्वास’ म्हणजे एक हातचलाखी तर नाही ना. आपल्याला हव्या असलेल्या प्रश्नाचे उत्तर न देता दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर दिले जात आहे, असे त्याला वाटत होते. मला ही शंका आजही जिवंत वाटते. शेतकऱ्याचा प्रश्न ‘माझ्या मंडळाचे काय?’ असा असतो. अंतराल उत्तर देते ते ‘या पद्धतीचे काय?’ या प्रश्नाचे. मराठीत तर ‘विश्वास’ हा शब्द आणखी फसवतो. विश्वास आपण माणसावर, देवावर, शब्दावर ठेवतो. पद्धतीच्या वारंवारितेवर ठेवायची आपल्याला सवय नाही.

त्याच वर्षांत नेमन आणि एगॉन पिअर्सन यांच्याकडे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात एक मराठी तरुण शिकत होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ चा, सातारा जिल्ह्यातील बुध या गावचा. फर्ग्युसन महाविद्यालयातून ते लंडनला गेले आणि १९३६ मध्ये पीएच.डी. झाले. त्यांचे १९३५ चे काम नेमनच्याच निबंधाला जोडून होते. लोकसंख्येचे थर पाडून नमुना घ्यायचा असेल तर प्रत्येक थरातून किती घ्यावे, याचा नेमनने नियम दिला होता. तो नियम वापरायला प्रत्येक थरातला विखुर आधी माहीत असावा लागतो, आणि तो कधीच माहीत नसतो. छोट्या प्राथमिक नमुन्यावरून तो अंदाजला तरी नियमाचा फायदा टिकतो का, हे सुखात्मे यांनी तपासले. सुखात्मे यांचा स्वभाव या प्रश्नात दिसतो. सिद्धांत कागदावर शोभतो, पण हातात अपुरी माहिती घेऊन शेतावर उभे राहिल्यावर त्याचे काय होते, याची त्यांना चिंता होती.

ती चिंता घेऊनच ते १९४० नंतर दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत आले. त्या काळी देशातील पिकाचा अंदाज नजरेनेच होई. सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे यांनी यदृच्छ नमुन्यावर आधारलेले पीक कापणी प्रयोग रूढ केले. कापसासाठी वऱ्हाडात, गव्हासाठी उत्तरेत. दोघांनी मिळून शेतीतल्या कार्यकर्त्यांसाठी लिहिलेले संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ मध्ये आले आणि कृषी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले.

सुखात्मे यांचा महालनोबिसांशी झालेला वाद आज जवळपास विसरला गेला आहे. महालनोबिस यांचा कल लहान तुकडे पुष्कळ ठिकाणी कापण्याकडे होता. सुखात्मे यांनी प्रत्यक्ष मोजून दाखवले की तुकडा फार लहान असला की उत्पन्न फुगून दिसते. कडेवरचे झाड आत की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात त्याला आत ओढतो. आणि तुकडा जितका लहान तितकी त्याची कड मोठी. ही चूक अंतरालात दिसत नाही. हजार लहान तुकडे कापले तर अंतराल अगदी अरुंद होईल, आणि ते चुकीच्या जागी अरुंद होईल. कोणताही आकडा वाचताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत, हा धडा या वादातून मिळतो. नमुना लहान असल्याने आकडा किती डळमळतो हा एक; मोजण्याच्या पद्धतीतच तो एका बाजूला झुकला आहे का हा दुसरा. पहिल्याला अंतराल उत्तर देते. दुसऱ्याला देत नाही. आज कापणीच्या वेळी शेतात एकीकडे नुकसान दिसावे असे वाटणारी माणसे आणि दुसरीकडे ते दिसू नये असे वाटणारी माणसे उभी असतात, तेव्हा दुसरा प्रश्न पहिल्याहून मोठा असू शकतो.

दांडेकरांचे सूत्र

मराठवाड्यातील वाचकाला वि. म. दांडेकर आठवतात ते १९८४ च्या अनुशेषाच्या अहवालामुळे. पण येथील शेतकऱ्याच्या आयुष्यात त्यांचे दुसरे एक काम अधिक रोजचे आहे. १९७० च्या दशकात त्यांनी भारतातील पीकविम्याची दिशा ठरवली. प्रत्येक शेताचे नुकसान वेगळे तपासणे अशक्य आणि फसवणुकीला वाव देणारे. म्हणून विमा क्षेत्राच्या सरासरीवर द्यावा, हा त्यांचा विचार. क्षेत्राची सरासरी घटली तर सर्वांना भरपाई, नाही तर कोणालाच नाही. १९७९ च्या प्रायोगिक योजनेपासून २०१६ च्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेपर्यंत हा सांगाडा टिकला आहे. सरासरी काढायची ती पीक कापणी प्रयोगांनी. म्हणजे सुखात्मे यांचे माप आणि दांडेकरांचा विमा यांची गाठ पडते ती आपल्या महसूल मंडळात.

विचार म्हणून दांडेकरांचे सूत्र मला आजही उत्तम वाटते. अडचण आकाराची आहे. कापणी प्रयोगांची पद्धत जिल्ह्याचे, राज्याचे उत्पन्न काढण्यासाठी घडली होती. जिल्ह्यात शेकडो प्रयोग झाले की सरासरीची डळमळ बरीच कमी होते. विम्याला मात्र क्षेत्र जितके लहान तितके न्याय्य, कारण कन्नडच्या डोंगराकडेचा पाऊस आणि वैजापूरचा पाऊस एक नाही. म्हणून घटक तालुक्यावरून मंडळावर आला. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मंडळ हा घटक असेल तर एका पिकाचे किमान दहा प्रयोग. एकाच मंडळात नदीकाठची भारी काळी जमीन असते आणि माळावरची मुरमाडही. दहा तुकड्यांपैकी किती कोठे पडले यावर सरासरी हलते. क्षेत्र लहान करून एक अन्याय कमी केला की नमुना लहान होऊन दुसरा वाढतो. अंतराल निम्मे करायचे तर प्रयोग दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतात, दहाचे चाळीस.

आता माझे उदाहरण पुढे नेतो. उंबरठा उत्पादन काढताना मागील सात वर्षांतील उत्तम पाच वर्षांची सरासरी घेतात आणि तिला जोखीमस्तराने गुणतात. आपल्या राज्यात तो ७० टक्के. समजा ती सरासरी ११ आहे. म्हणजे उंबरठा ७.७. प्रयोगांची सरासरी ८ आली, म्हणून भरपाई शून्य. पण अंतराल ५.९ ते १०.१ आहे आणि ७.७ त्याच्या ऐन पोटात आहे. खरी सरासरी ५.९ असती तर तूट २३ टक्के. हेक्टरी ५०,००० रुपये विमा संरक्षित रक्कम धरली तर सुमारे ११,७०० रुपये. दहापैकी एका चिठ्ठीने १३ क्विंटलच्या वावराऐवजी ८ क्विंटलचे वावर निवडले असते तर सरासरी ७.५ आली असती आणि हेक्टरी सुमारे १,३०० रुपये मिळाले असते. एका चिठ्ठीचा हा फरक आहे.

विम्याच्या सूत्राची एक चांगली बाजूही नोंदवली पाहिजे. उंबरठ्याजवळ ते हळूहळू उतरते. थोडी तूट, थोडी भरपाई. पैसेवारीच्या पन्नाशीला असा उतार नाही, तो कडा आहे. एक पैसा इकडे तिकडे झाला की गाव सवलतीत किंवा सवलतीबाहेर. म्हणून आकड्याची रुंदी लपवण्याचा दोष पैसेवारीत अधिक गंभीर आहे.

आपल्याकडील तक्रारीत दोन गोष्टी नेहमी मिसळतात, त्या वेगळ्या करायला हव्यात. ‘माझे शेत गेले, पण मंडळ पास झाले’ ही दांडेकरांच्या सूत्राने जाणूनबुजून स्वीकारलेली किंमत आहे; तिला अंतराल उत्तर देत नाही. ‘मंडळच गेले होते, पण दहा तुकड्यांत ते दिसले नाही’ ही वेगळी तक्रार आहे आणि तिचे माप अंतराल देते. २०२५ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयातला विमा बंद केला आणि भरपाईचा मुख्य आधार कापणीवरचे उत्पन्न हाच ठेवला. काही पिकांत उपग्रहावर आधारलेल्या अंदाजालाही भार आहे. त्यामुळे या दुसऱ्या तक्रारीचे वजन वाढले आहे.

यावर विमा कंपनीचे उत्तर ठरलेले असते आणि ते खोटे नाही. नमुन्याची चूक दोन्ही बाजूंना होते. एका मंडळात सरासरी चुकून वर गेली तर दुसऱ्यात चुकून खाली येते आणि देय नसलेली भरपाई द्यावी लागते. शेकडो मंडळांचा हिशेब केला तर चुका एकमेकींना बऱ्याच खाऊन टाकतात. गणित म्हणून हे बरोबर आहे. फक्त हे गणित ज्याच्याकडे शेकडो मंडळे आहेत त्याचे आहे. शेतकऱ्याकडे एक मंडळ असते आणि एक हंगाम. कंपनी आणि शासन पुनरावृत्तीत राहतात. नेमनची पंचाण्णव टक्क्यांची हमी खऱ्या अर्थाने त्यांना मिळते. शेतकरी एका चिठ्ठीत राहतो.

जेवणाची सरासरी

हाच भेद सुखात्मे यांच्या उत्तरायुष्यातील वादात दिसतो, आणि तेथे सुखात्मे दुसऱ्या बाजूला उभे आहेत. १९५१ पासून जवळपास दोन दशके ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत होते, नंतर पुण्यात परतले. १९७१ मध्ये दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात माणशी रोज २,२५० उष्मांकांचा आधार होता. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला की सरासरी गरज ही रेषा धरणे चूक आहे. एकाच निरोगी माणसाचे खाणे दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलते आणि शरीर त्याच्याशी जुळवून घेते. हा विखुर त्यांनी सुमारे १५ टक्के धरला. म्हणून सरासरीतून दोन प्रमाण विचलने वजा करून जो आकडा येईल, म्हणजे सरासरीच्या सुमारे ७० टक्के, त्याच्या खाली असणाऱ्यालाच कुपोषित म्हणावे. असे केले की कुपोषितांची संख्या एकदम खाली येते.

आकड्याला रुंदी असते हे ओरडून सांगणारा हा युक्तिवाद आहे आणि त्यातील अर्धा भाग मला पूर्ण पटतो. सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशी नाही. पण दांडेकरांसह अनेकांनी त्याला विरोध केला, आणि त्या विरोधाचा गाभा मी असा वाचतो. सरासरीच्या ७० टक्क्यांवर एखादा दिवस काढता येतो, कारण पुढे १२० टक्क्यांचे दिवस येतात. त्या खालच्या टोकाला अर्थ आहे तो वरचे टोकही वाट्याला येणार असल्यामुळे. हंगामी मजुरावर जगणाऱ्या घरात खालचे दिवस एकामागोमाग येतात. वरचे येतच नाहीत. त्याला खालच्या टोकावर कायमचे बसवून ‘हे अंतरालातच आहे’ म्हणणे म्हणजे ज्याला पुनरावृत्ती मिळत नाही त्याच्यावर पुनरावृत्तीचे गणित लादणे. कड्यावरच्या झाडाला आत ओढणारा हात ज्यांनी पकडला, त्या सुखात्मे यांच्या नजरेतून हे निसटले, असे मला वाटते. त्यांची थोरवी त्याने कमी होत नाही. ही चूक किती सहज होते, एवढेच त्यातून दिसते.

विम्याच्या जोखीमस्तराचे ७० आणि सुखात्मे यांच्या रेषेचे ७० हा निव्वळ योगायोग. पण दोन्हीकडे एकच प्रश्न आहे. आपल्याला जे नक्की माहीत नाही त्याचा भार कोणी उचलायचा?

रुंदी छापा

या प्रश्नाचे उत्तर संख्याशास्त्र देत नाही. अंतराल इतकेच सांगते की अज्ञान किती आहे. ते शासनाच्या पदरात घालायचे, कंपनीच्या की शेतकऱ्याच्या, हे धोरण ठरवते. सरासरी उंबरठ्याच्या वर गेली की भरपाई शून्य, या नियमात तो निवाडा आधीच झालेला आहे. फक्त तो निवाडा आहे हे दिसत नाही, कारण रुंदी छापलेलीच नसते.

म्हणून माझी मागणी लहान आहे. मंडळाच्या सरासरीशेजारी दहाही प्रयोगांचे आकडे आणि त्यांतून निघणारे अंतराल जाहीर व्हावे. जेथे उंबरठा अंतरालाच्या आत पडतो त्या मंडळांसाठी काय करायचे, हे हंगामाआधी ठरावे. आणखी प्रयोग, शेजारच्या मंडळांचा आधार, की भरपाईचा काही वाटा, यांतला कोणताही पर्याय उघडपणे निवडता येईल. प्रत्येकाला खर्च आहे. हप्ता वाढेल, शासनाचा वाटा वाढेल. त्यावर भांडणे होतील. ती व्हावीत. आज ती चिठ्ठीत कोणते वावर निघाले यावरून होतात, आणि शेतकऱ्याच्या हाती पुरावा नसतो.

वर्गात मी विद्यार्थ्यांना आता उत्तरात आणखी एक ओळ लिहायला सांगतो. अंतराल काढा, त्याचा अर्थ लिहा, आणि ते चुकले तर कोणाचे काय जाते तेही लिहा. परीक्षेत या ओळीला गुण नसतात. डिसेंबरात अंतिम पैसेवारी येईल तेव्हा सिल्लोड किंवा पैठणचा एखादा माजी विद्यार्थी ती बातमी वाचताना आकड्याच्या पुढची मोकळी जागा पाहील, एवढे झाले तरी पुष्कळ आहे.